जड मालाची वाहतूक : बांधणी आणि जबाबदारी

(यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताची मात्रा आणि तणनियंत्रण हे माझे रोजचे विषय. त्यामुळे ट्रक आणि ट्रॉलीवर माल कसा बांधावा हे सांगायला मी उभा राहिलो, याचे आपल्याला नवल वाटणे साहजिक आहे. परंतु कापूस असो, तूर असो की सोयाबीन, सहा महिने जिवापाड जपलेले पीक शेवटी रस्त्यावरूनच बाजारात जाते. पिकाच्या प्रत्येक टप्प्यावर आपण सल्ला घेतो. गाडी भरताना मात्र "चालते हो, जवळच तर जायचे आहे" असे म्हणून मोकळे होतो. आजचे बोलणे या शेवटच्या टप्प्यावर आहे.

आमच्या घरची गोष्ट

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची ही गोष्ट आहे. तुरीचा हंगाम होता. शेजारच्या गावातील एका कास्तकाराचे मळणीयंत्र आमच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून न्यायचे ठरले. डिझेल आणि वर थोडे भाडे अशी बोली झाली. ट्रॉलीचे फाळके काढून ठेवले, यंत्र वर चढवले आणि विहिरीवरच्या जुन्या नाड्याने वरून एक फेरा मारला. यंत्र हलू नये म्हणून दोन मजूर त्याला धरून ट्रॉलीतच बसले.

नाल्याच्या उतारावर समोर बैलबंडी आली. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला, पण यंत्र थांबले नाही. नाडा तुटला आणि एका मजुराचा पाय यंत्र व ट्रॉलीची पुढची भिंत यांच्या मध्ये सापडला. पुढे तो पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

विमा होता. पण तो स्वतःच्या शेतीच्या वापरासाठी घेतलेला होता आणि ट्रॉली त्या दिवशी भाड्याने चालली होती. शिवाय ट्रॉलीत माणसे बसली होती. विमा कंपनीने हात वर केले. भरपाईचा बोजा आमच्यावर आला आणि वडिलांना तीन एकर ओलिताचे वावर विकावे लागले. त्यांनी चालकाला दोष दिला नाही, यंत्रवाल्यालाही दिला नाही. "दोर मीच काढून दिला होता," एवढेच ते म्हणाले. ज्याचा पाय गेला, त्याचे नुकसान तर तीन एकरांनीही भरून निघाले नाही. तेव्हापासून रस्त्यावर भरलेली ट्रॉली दिसली की माझी नजर आधी दोराकडे जाते.

आपल्या जिल्ह्यातील माल आणि रस्ते

आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. कापसाबरोबर सोयाबीन व तुरीचे कट्टे, उमरखेड-महागावकडचा ऊस, जंगलपट्ट्यातील बांबू व सागवान, ठिबकचे आणि लोखंडी पाइप, कुंपणाचे सिमेंटचे खांब, मळणीयंत्रे, रोटाव्हेटर असा तऱ्हेतऱ्हेचा माल उघड्या गाड्यांवरून जातो. वणी भागात कोळशाचे ट्रक आहेत. पांढरकवड्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, तर कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा महामार्ग ३६१ जातो. चाळीसच्या वेगाने निघालेली आपली ट्रॉली याच महामार्गांवर ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या ट्रकांमध्ये शिरते. पांदण रस्त्यावर जी ढिलाई खपून जाते, ती तेथे खपत नाही.

वजन का सरकते?

गाडीला ब्रेक लागतो तो चाकांना, मालाला नाही. माल पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी २० किलोमीटरला जी गाडी ५ मीटरवर थांबते, तिला ४० च्या वेगाला त्याच ब्रेकवर २० मीटर लागतात.

युरोपातील माल बांधणीच्या नियमांत एक साधा हिशेब आहे. जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या बाजूला पडतो असे धरावे. वळणावर बाजूला आणि चढावर किंवा झटका बसल्यास मागे ५० टक्के जोर धरावा. म्हणजे २० क्विंटलचे, अर्थात २००० किलोचे मळणीयंत्र असेल, तर पुढे सरकण्याचा जोर १६०० किलो होतो. दोन माणसांनी हाताने धरून तो कसा थांबणार, याचा आपणच विचार करावा.

या जोरापैकी काही भाग मालाच्या बुडाशी होणारे घर्षण अडवते. तेलकट लोखंड लोखंडावर ठेवले तर घर्षण वजनाच्या १० ते २० टक्के, म्हणजे फार तर २०० ते ४०० किलो मिळते. उरलेले १२०० ते १४०० किलो दोरालाच पेलावे लागतात. त्याच यंत्राखाली जाड रबरी चटई घातली तर घर्षण ६० टक्के धरता येते. मग चटई १२०० किलो अडवते आणि दोरावर फक्त ४०० किलोचा भार येतो. टाकाऊ टायरचे किंवा जुन्या पट्ट्याचे तुकडे आपल्याकडे गोठ्यात पडलेलेच असतात. ते कोरडे आणि स्वच्छ असावेत. तेल, चिखल किंवा ओला भुसा लागला की त्यांचा उपयोग राहत नाही.

बांधणी कशी करावी?

१. आधी हौदा झाडून घ्यावा. सांडलेले सोयाबीन किंवा वाळूचे खडे मालाखाली छर्ऱ्यासारखे फिरतात.

२. जड माल तळाशी आणि पुढच्या भिंतीला भिडवून ठेवावा. मध्ये मोकळी जागा राहिली तर लाकडी ठोकळे किंवा भरलेले कट्टे घालून ती बुजवावी. भिडलेल्या मालाला धाव घ्यायला जागा उरत नाही.

३. दोन चाकी ट्रॉलीत वजन आसाच्या किंचित पुढे असावे. सगळे वजन मागे गेले तर ट्रॉलीचा जू उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आले तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होऊन वळणावर सुकाणू ऐकत नाही. जू जोडण्याची पिन योग्य जाडीची असावी आणि तिला खालून खिटी असावी. खिळा किंवा सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेऊ नये.

४. यंत्राला वरून एक फेरा पुरत नाही. चारही कोपऱ्यांतून चार बांधण्या द्याव्यात, दोन पुढे ओढणाऱ्या आणि दोन मागे ओढणाऱ्या. यंत्राला स्वतःची चाके असतील तर प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी उटी लावून ती खिळ्याने पक्की करावी.

५. दोर फाळक्याच्या कडीला न बांधता चेसीच्या हुकाला बांधावा. फाळके माल सांभाळण्यासाठी असतात, ओढ सहन करण्यासाठी नसतात.

६. मालावरून टाकलेला दोर जितका उभा उतरेल, तितका तो मालाला खाली दाबतो. तो जमिनीशी ३० अंशांपर्यंत तिरपा झाला तर दाब निम्मा राहतो. म्हणून कमी उंचीच्या मालावरून नुसता दोर टाकून भागत नाही. तेथे ठोकळे आणि कोपऱ्याच्या बांधण्या हव्यात.

७. दोराला जेथे गाठ पडते, तेथे त्याची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होते. लोखंडाच्या धारेवर तो कापला जातो. धारेवर पोत्याची घडी किंवा रबराचा तुकडा ठेवावा. उन्हाने पांढरा पडलेला नायलॉनचा दोर आणि विहिरीवरून निवृत्त झालेला नाडा या कामाला वापरू नये. जड यंत्रासाठी साखळी किंवा रॅचेटचा पट्टा घ्यावा. पट्ट्याच्या लेबलावर त्याची क्षमता लिहिलेली असते. ज्याचे लेबल फाटले, त्याच्या क्षमतेचा भरवसा धरू नये.

८. पहिल्या १५-२० किलोमीटरमध्ये माल बसतो आणि दोर सैल पडतो. गाडी थांबवून पुन्हा ताण द्यावा. नंतरही प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहावे.

मालाच्या प्रकाराप्रमाणे काही गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्यात.

पाइप, खांब, बांबू आणि लाकडी ओंडके हे गोल आणि लांब माल लांबीच्या दिशेने ठेवावेत. आधी लहान मोळ्या बांधून मग सगळ्या मोळ्या एकत्र आवळाव्यात. कडेच्या नगांना पाचर मारावी. सर्वांत जास्त धोका उतरवताना असतो. वाटेत सरकलेला ओंडका दोराच्याच आधाराने थांबलेला असतो आणि दोर सोडताच तो अंगावर येतो. गाडी सपाट जागी उभी करावी. दोर सोडणाऱ्याने माल ज्या बाजूला कलला असेल त्या बाजूला उभे राहू नये.

कापूस वजनाला हलका म्हणून तो हौद्याबाहेर दोन्ही बाजूंना फुगवून भरण्याची पद्धत आहे. त्याने तीन तोटे होतात. उंची वाढून गाडी वळणावर कलते, मागचे दिवे झाकले जातात आणि लोंबकळणाऱ्या वीजतारेला माल लागून पेट घेतो. ताडपत्री चारही बाजूंनी बांधावी आणि मागचे दिवे व लाल परावर्तक उघडे ठेवावेत. दाबलेली गाठ ही वेगळी गोष्ट आहे. एक गाठ १७० किलोची असते, म्हणजे ६० गाठींचे १०२ क्विंटल झाले. गाठी विटांच्या बांधकामासारख्या सांधे मोडून रचाव्यात आणि प्रत्येक ओळीवरून बांधणी द्यावी.

मालावर माणूस नको

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालासोबत प्रवास करणारे १५ मजूर त्याखाली दगावले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामाचे लोखंड नेणारे वाहन उलटले आणि लोखंडावर बसलेले १३ मजूर मृत्युमुखी पडले.

पपई मऊ आणि लोखंड कठीण, पण उलटलेल्या गाडीखाली दोन्ही सारखेच. कापूस वेचणीच्या दिवसांत आपणही संध्याकाळी बायाबापड्यांना कापसाच्या गठ्ठ्यांवर बसवून घरी आणतो. ही सोय त्यांच्यावर उपकार म्हणून केलेली असते, हे मला ठाऊक आहे. परंतु माल आणि माणसे यांच्या दोन वेगळ्या खेपा कराव्यात. एका खेपेचे डिझेल वाचवून जी जोखीम घेतली जाते, तिचा आकडा कोणत्याही जमाखर्चात बसत नाही.

अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची?

बहुतेकांचा समज असा असतो की, विमा आहे म्हणजे काळजी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला इजा झाली तर तो उपयोगी पडतो. पण मालावर बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

१९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून आपल्या मालासोबत जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले. फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला ते नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. मालाचा मालकही केबिनमध्ये बसलेला हवा, मालावर नव्हे, असे न्यायालयांनी पुढे म्हटले आहे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तर आणखी जपावे लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भाजीपाला घेऊन बाजाराला निघालेल्या व्यक्तीच्या मृत्यूचे चिन्नम्मा प्रकरण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता असल्याने विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरवले. २००७ च्या ब्रिज मोहन प्रकरणात वीटभट्टीची माती नेणाऱ्या ट्रॉलीतील मजूर जखमी झाला होता. तेथेही कंपनी कायद्याने जबाबदार नाही असेच ठरले. मात्र मजूर गरीब असल्याने कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे जखमीला दिलासा मिळाला, पण देणे शेवटी मालकाच्याच सातबाऱ्यापर्यंत आले.

यावरून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चूक चालकाची असली तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ट्रॅक्टर शेजाऱ्याला उसना दिला म्हणून ती सुटत नाही. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचीही नोंदणी आणि विमा करावा. भाड्याने माल वाहायचा असेल तर तसा परवाना आणि तसा विमा घ्यावा. विम्याच्या कागदावर 'वापर' या शब्दापुढे काय लिहिले आहे ते घरी गेल्यावर आजच वाचावे. चालकाचा परवाना चालू आहे ना ते पाहावे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले आहे. त्यापेक्षा मोठ्या गाडीला वेगळा परवाना लागतो.

गाडी उभी असताना झालेला अपघातही यात येतो. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर अपघातानंतर रस्त्याच्या कडेला पडला आणि सुमारे चार तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसे दगावली. टँकर चालत नव्हता, तरी तो 'वाहनाचा वापर'च होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. म्हणून बंद पडलेली भरलेली ट्रॉली रात्री दिव्याशिवाय रस्त्यावर सोडून जाणे हाही जबाबदारीचा भाग आहे.

दंडाचेही सांगतो. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. माल हौद्याच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरी २०,००० रुपये आहेत. ही तरतूद फक्त चालवणाऱ्याला नाही, तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची भारासह मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टन झाली. पण ही मर्यादा गाडीच्या स्वतःच्या वजनासकट आहे. आपल्या गाडीपुरता नोंदणी पुस्तकातील आकडाच खरा मानावा. अपघातात मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माल वाहतूकदारामार्फत पाठवत असाल तर पावती घ्यावी आणि तीवर मालाची किंमत लिहून घ्यावी. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे जादा जोखमीचा करार केलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. नुकसानीची लेखी नोटीस माल दिल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

अपघात झालाच तर

आधी जखमीकडे पाहावे. १०८ ला रुग्णवाहिका आणि ११२ ला पोलीस बोलवावेत. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे वाटेने जाणाऱ्यांनीही घाबरू नये. मे २०२५ मधील योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. चालकाने पळून जाऊ नये. पोलिसांना कळवावे आणि विमा कंपनीला लेखी सूचना द्यावी. दोर आणि माल होता तसाच ठेवून फोटो काढावेत.

आपल्या घरचे माणूस जखमी झाले असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदीप्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. कोणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागण्याची सोय कलम १६४ मध्ये आहे. मध्यस्थाच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

निघण्यापूर्वी

बंधूंनो, एवढे सगळे लक्षात राहिले नाही तरी चालेल. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारा आणि चार गोष्टी पाहा : माल पुढे भिडला आहे का, दोर चेसीला आहे का, मागचा दिवा दिसतो आहे का आणि मालावर कोणी बसले आहे का. कोणी बसले असेल तर त्याला खाली उतरवा. तो रुसला तरी उतरवा.

आमच्या गावचा तो गडी आजही मला भेटतो. कुबडी बाजूला ठेवून तो माझी विचारपूस करतो, पोराबाळांचे सांगतो. मागच्या हंगामात आमच्याच बांधावर एक ट्रॉली भरत होती. त्याने तेथे बसलेल्या दोन पोरांना हाक मारून खाली उतरवले आणि मग तो आपल्या वाटेने गेला. मी इतक्या वेळात जे सांगितले, ते त्याने एका हाकेत सांगितले होते.